पदवीपासून शुश्रूषेपर्यंत : हेदवी परिसर आणि न बांधलेल्या एका वाटेचा इतिहास

रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या तरुणीने किंवा तरुणाने परिचर्येचा, म्हणजे नर्सिंगचा, व्यवसाय पत्करायचे ठरवले, तर महाराष्ट्रात त्या व्यक्तीला बारावीच्या गुणपत्रिकेपाशी परत यावे लागते. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमाच्या प्रवेशाची पात्रता बारावीतील भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी या विषयांवर ठरते, आणि जीएनएम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरीच्या तीन वर्षांच्या पदविकेसाठीही बारावीच लागते. मधल्या तीन वर्षांत मिळवलेल्या पदवीला या दोन्ही ठिकाणी स्वतंत्र मोल नाही. याउलट, जीएनएम झालेल्या परिचारिकेला दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. हा अभ्यासक्रम करून पदवीधर होता येते. म्हणजे वॉर्डातून विद्यापीठाकडे जाणारी वाट बांधलेली आहे आणि विद्यापीठातून वॉर्डाकडे येणारी वाट बांधलेली नाही. हेदवी, वेळणेश्वर, नरवण, पालशेत यांसारख्या किनाऱ्यावरच्या गावांतून चिपळूण किंवा रत्नागिरीला जाऊन विज्ञान शिकणाऱ्या आणि पदवीनंतर या व्यवसायाचा विचार करणाऱ्या मुलामुलींसाठी हा प्रश्न थेट आयुष्यातील चार वर्षांचा असतो. तो असा का उभा राहिला याचे उत्तर प्रवेशाच्या नियमावलीत शोधण्यापेक्षा या व्यवसायाच्या घडणीत शोधणे अधिक उपयोगाचे ठरते.

गुहागरच्या दक्षिणेला वीस-पंचवीस किलोमीटरवर समुद्राला लागून असलेले हेदवी हे गाव दशभुज लक्ष्मीगणेशाच्या देवळासाठी आणि उमामहेश्वराच्या देवळाजवळील बामणघळीसाठी, म्हणजे काळ्या कातळातील ज्या अरुंद भेगेत भरतीचे पाणी शिरून उंच उसळते त्या घळीसाठी, ओळखले जाते. गुहागर तालुक्याच्या उत्तरेला वाशिष्ठीची खाडी, दक्षिणेला शास्त्रीची खाडी आणि पश्चिमेला समुद्र असल्यामुळे खुष्कीच्या मार्गाने बाहेर पडायचे तर सारा ओढा पूर्वेकडे, चिपळूणकडे राहिला. सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचा जांभ्या दगडाचा उघडा पठारी भाग, आणि त्याच्या उतारावर विखुरलेल्या वाड्या अशी येथील वस्तीची रचना आहे, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत पऱ्ह्यांना, म्हणजे ओढ्यांना, पाणी आले की एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जाणेही पूर्वी साकवावर, म्हणजे लाकडी ओंडक्यांच्या तात्पुरत्या पुलावर, अवलंबून असे. अशा भूभागात आजाऱ्याची आणि बाळंतिणीची शुश्रूषा हे शतकानुशतके घरातील बायकांचे काम होते, आणि त्यात जिला विशेष मान होता ती व्यक्ती म्हणजे सुईण.

सुईण ही बहुधा वाडीतलीच वयस्क आणि अनुभवी स्त्री असे, तिचे ज्ञान सासूकडून किंवा आईकडून हाताहाती आलेले असे, आणि तिला मोबदला रोख पैशापेक्षा तांदूळ, नारळ, लुगडे या रूपाने मिळे. अडलेल्या बाईच्या पोटावरून हात फिरवून मूल आडवे आहे की पायाळू हे ओळखणे, कळांची लय ध्यानात घेऊन धीर देणे, बाळंतिणीला शेक-शेगडी आणि ओव्याची धुरी देणे, बाळाला तेल लावून न्हाऊ घालणे ही तिची विद्या होती, आणि तिला अडाणीपणा म्हणून बाजूला सारणाऱ्या पुढील काळातील अनेक लेखकांनी तिच्या निरीक्षणशक्तीला न्याय दिलेला नाही. मात्र या विद्येत एक उणीव होती आणि तिची किंमत तान्ह्या मुलांनी मोजली. नाळ कापायला घरातला विळा किंवा बांबूची धारदार काप वापरली जाई, आणि देशाच्या अनेक भागांत कापलेल्या टोकावर राख किंवा शेण लावण्याची चाल होती. माती आणि शेण यांत ज्याचे बीजाणू वर्षानुवर्षे टिकून राहतात त्या धनुर्वाताच्या जंतूला शरीरात शिरायला यापेक्षा सोपा मार्ग नव्हता. पहिले काही दिवस नीट दूध ओढणारे मूल एकाएकी तोंड उघडेनासे होई, अंग ताठ होऊन पाठीची कमान होई, आणि घरचे लोक त्याचे कारण दृष्ट लागण्यात किंवा बाहेरच्या बाधेत शोधत. शिबासाबुरो कितासातो या जपानी शास्त्रज्ञाने बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत हा जंतू शुद्ध स्वरूपात वाढवला तो १८८९ मध्ये, पण हे ज्ञान कोकणातल्या बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोहोचायला अर्ध्या शतकाहून अधिक काळ गेला. ते अखेर पोहोचले ते पाच स्वच्छतांच्या सोप्या सूत्रातून : स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, नाळ बांधायला स्वच्छ दोरा आणि कोरडी, स्वच्छ नाळ. दाईंना दिलेले हे प्रशिक्षण आणि गरोदर स्त्रियांना दिलेली धनुर्वाताची लस यांच्या बळावर २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. जंतुशास्त्राचा सिद्धांत आणि हाताची सवय यांची गाठ पडल्यावर काय घडू शकते, याचे कोकणाच्या दृष्टीने याहून मोठे उदाहरण सापडणे कठीण आहे.

प्रशिक्षित परिचारिका ही व्यक्ती मात्र कोकणाला मुंबईच्या वाटेने माहीत झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रत्नागिरी जिल्ह्यातील पुरुष मोठ्या संख्येने गिरण्या, गोदी आणि पोलिसांत चाकरीला लागले, आणि चाकरमान्याच्या आजारपणात जे. जे., कामा आणि पुढे केईएम ही रुग्णालयांची नावे गावोगाव पोहोचली. पेस्तनजी होर्मसजी कामा यांच्या देणगीतून उभे राहिलेले स्त्रियांचे आणि मुलांचे कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले, आणि त्याच्या प्रमुख डॉ. एडिथ पेची यांनी तेथे परिचारिकांच्या शिक्षणाला आरंभ केला. १८९१ मध्ये मुंबईत या शिक्षणासाठी दाखल झालेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिल्या भारतीय प्रशिक्षणार्थी परिचारिका म्हणून परिचर्येच्या इतिहासात नोंदले जाते.

या शिक्षणाची रचना समजून घेणे येथे आवश्यक आहे, कारण आजच्या अडचणीचे मूळ तेथेच आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू केलेल्या शाळेचा नमुना समोर ठेवून ब्रिटिश साम्राज्यात सर्वत्र परिचर्याशाळा रुग्णालयाच्या आवारात निघाल्या. शिकणाऱ्या मुलीला प्रोबेशनर, म्हणजे उमेदवारीवर असलेली परिचारिका, म्हणत. तिला राहायला वसतिगृह, जेवण आणि थोडे विद्यावेतन मिळे आणि त्या बदल्यात ती वॉर्डातील बहुतेक काम करी. दिवसपाळी आणि रात्रपाळीच्या मधल्या वेळात मेट्रन किंवा एखादे डॉक्टर व्याख्यान देत, आणि शरीररचना, औषधे, जंतू यांविषयी जेवढे कामाला लागेल तेवढे शिकवले जाई. रुग्णालयाच्या दृष्टीने विद्यार्थिनी हा कामाचा हात होता, आणि जिने आधी कोठे विज्ञान शिकले आहे तिचा प्रशिक्षणाचा काळ कमी करणे म्हणजे तेवढ्या महिन्यांचे मनुष्यबळ गमावणे होते. प्रशिक्षणाचा काळ ज्ञानाच्या मापाने न ठरता पाळ्यांच्या मापाने ठरण्याची ही पद्धत पुढे इतकी रुजली की तिचे आर्थिक कारण उरले नाही तेव्हाही तिचा साचा टिकून राहिला.

दुसरे कारण सामाजिक होते, आणि महाराष्ट्राच्या इतिहासात ते अधिक खोल गेलेले आहे. परक्या पुरुषाच्या देहाला स्पर्श, मलमूत्राची स्वच्छता, रक्त आणि सोयर-सुतक यांमुळे हे काम वरिष्ठ म्हणवणाऱ्या जातींत विटाळाचे मानले जाई, आणि त्यामुळे सुरुवातीच्या परिचारिका प्रामुख्याने ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन आणि काही प्रमाणात पारशी समाजातून आल्या. मिरजेत सर विल्यम वॉन्लेस यांनी उभारलेले मिशन रुग्णालय, किंवा त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यातच असलेल्या वेंगुर्ल्यातील अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे सेंट ल्यूक्स रुग्णालय, यांसारख्या संस्थांनी दक्षिण महाराष्ट्रात आणि कोकणात शुश्रूषेला शिस्तीचे रूप दिले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाल्यावर, आणि पुढल्याच वर्षी पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला तेव्हा, शुश्रूषा करणाऱ्या हातांची टंचाई साऱ्या प्रांताला जाणवली होती.

हिंदू घरातील स्त्रीसाठी हे दार प्रथम उघडले ते पुण्याच्या सेवासदनाने. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेने दोनच वर्षांत ससून रुग्णालयात विद्यार्थिनी पाठवून परिचर्येचे शिक्षण सुरू केले. ज्या घरांत विधवेने माजघराबाहेर येऊ नये अशी रीत होती, त्या घरांतील तरुण स्त्रिया गणवेश घालून रुग्णालयात रात्रपाळी करू लागल्या. त्यासाठी समाजाची बोलणी ऐकून घेण्याचे काम रमाबाईंसारख्या सर्वमान्य स्त्रीने अंगावर घेतले नसते, तर हे परिवर्तन आणखी एका पिढीने लांबले असते. या चळवळीत कोकणाचा वाटा मोठा आहे. धोंडो केशव कर्वे हे दापोली तालुक्यातील मुरूडचे. त्यांच्या पत्नी आनंदीबाई आणि मेहुणी पार्वतीबाई आठवले या देवरूखच्या जोशी घराण्यातील. आणि १८९६ मध्ये कर्व्यांनी स्थापन केलेल्या, पुढे हिंगण्यास गेलेल्या अनाथ बालिकाश्रमात आश्रयाला आलेल्या विधवांमध्येही रत्नागिरी जिल्ह्यातील मुली होत्या. नर्स, सुईण आणि शिक्षिका हे तीन व्यवसाय या स्त्रियांना स्वाभिमानाने जगण्याचे साधन म्हणून दाखवण्यात आले.

सुधारकांनी केलेले हे कार्य थोर होते, यात शंका नाही. तथापि त्यातून एक धारणाही घट्ट झाली, ती अशी की परिचर्या हा जिला दुसरा आधार नाही तिचा आधार आहे. मराठी शाळेतील थोडे शिक्षण, चांगली वर्तणूक आणि कष्टाची तयारी एवढ्या भांडवलावर प्रवेश देणारा व्यवसाय म्हणून त्याची ओळख झाली, आणि महाविद्यालयात विज्ञान शिकलेली मुलगी तेथे येईल ही कल्पनाच कोणी केली नाही. मुलाने विज्ञान शिकून डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हावे आणि विधवा बहिणीने नर्स व्हावे, अशी एकाच घरात दोन वाटांची विभागणी झाली. आणि त्यातील एक वाट पुरुषांसाठी जवळजवळ बंदच राहिली, कारण वॉर्डात पुरुषाला जागा होती ती वॉर्डबॉयची.

अमेरिकेत याच काळात वेगळा प्रयोग घडला आणि त्याची तुलना उद्बोधक आहे. पहिल्या महायुद्धात परिचारिकांची तीव्र टंचाई निर्माण झाली तेव्हा १९१८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यातील व्हॅसर महाविद्यालयात पदवीधर तरुणींसाठी प्रशिक्षण शिबिर भरवण्यात आले. चारशेहून अधिक पदवीधर स्त्रियांनी तेथे तीन महिन्यांत रसायन, जंतुशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र असे पायाभूत विषय पूर्ण केले आणि त्या पुढील शिक्षणासाठी रुग्णालयांच्या शाळांत गेल्या, जेथे पदवीमुळे त्यांचा काळ कमी धरण्यात आला. येल विद्यापीठाच्या परिचर्याशाळेने १९३४ पासून प्रवेशासाठी पदवीच अनिवार्य केली. १९७१ मध्ये सेंट लुइस विद्यापीठाने दुसऱ्या विषयातील पदवीधरांसाठी जलद अभ्यासक्रम सुरू केला, आणि आज अशा अभ्यासक्रमांत वर्ष-दीड वर्षात परिचर्येची पदवी मिळते. ब्रिटनमध्येही पदवीधरांना दोन वर्षांत परिचारिका होता येते. अमेरिकेत परिचर्या विद्यापीठात आधी रुजली होती, म्हणून एका विभागातील श्रेयांक दुसऱ्या विभागाने ओळखणे हे स्वाभाविक ठरले.

भारतात विद्यापीठ आणि परिचर्या यांची भेट १९४६ मध्ये झाली. त्या वर्षी सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील आरोग्य समितीने दिलेल्या अहवालात साऱ्या देशात सुमारे ७,००० परिचारिका असल्याचे, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक असे प्रमाण असल्याचे नमूद केले आणि पदवीच्या पातळीवर शिक्षणाची शिफारस केली. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. रत्नागिरीत त्याच सुमारास, १९४५ मध्ये, आजचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय सुरू झाले आणि चिपळूणचे दातार-बेहेरे-जोशी महाविद्यालय १९६५ मध्ये निघाले, म्हणजे जिल्ह्यातील मुलामुलींना मुंबई-पुण्यास न जाता विज्ञानाची पदवी घेणे शक्य झाले. महाराष्ट्रात परिचर्येची पदवी आली ती कर्व्यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात, ज्याला सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाखांच्या देणगीनंतर त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले होते : १९६४ मध्ये मुंबईत या विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय सुरू झाले. दापोलीच्या किनाऱ्यावरून निघालेल्या एका शिक्षकाचे विद्यापीठच या राज्यात परिचर्येला पदवीचा दर्जा देणारे ठरले, ही गोष्ट कोकणाने अभिमानाने सांगावी अशी आहे. परंतु नवा अभ्यासक्रम रचताना तो शाळा संपवून आलेल्या मुलीसाठी चार वर्षांचा आखला गेला. शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातून आलेल्या पदवीधराला कोठून प्रवेश द्यायचा हा विचार त्यात नव्हता, आणि १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेने देशभर एकच मानक लावल्यावर तो नंतरही शिरला नाही.

दरम्यान ग्रामीण भागासाठी वेगळीच साखळी तयार झाली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या समुदाय विकास कार्यक्रमातून प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना आली, सहाय्यक परिचारिका-प्रसाविका, म्हणजे एएनएम, हा लहान मुदतीचा अभ्यासक्रम निघाला, आणि कर्तारसिंग समितीच्या १९७३ च्या अहवालानंतर तिचे काम बहुउद्देशीय झाले. लोकांच्या तोंडी ती कधी सिस्टर, कधी नर्सबाई, आणि सरकारी कागदांवर आरोग्य सेविका. हेदवीचे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्याखालची उपकेंद्रे ही या साखळीचीच कडी आहे. डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष कागदावर साधा वाटतो, पण लसीचा थंड डबा खांद्याला लावून पाखाडी, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट, चढून सड्यावरच्या वाडीत जायचे आणि तेथून दुसऱ्या उतारावरच्या वाडीत उतरायचे, असा त्याचा प्रत्यक्ष अर्थ होतो. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईला आणि स्त्रिया, मुले, म्हातारी माणसे गावात, अशा या जिल्ह्यात आरोग्य सेविकेच्या कामाचे वजन किती असेल हे त्या एका आकड्यावरून लक्षात येते.

विज्ञानाच्या पदवीधराला या कामात नेमके काय आधीच येते आणि काय मुळीच येत नाही, हे तपासल्याखेरीज त्याची वर्षे कमी करण्याची मागणी प्रामाणिक ठरत नाही. ५०० मिलीलिटर सलाइन आठ तासांत द्यायचे आहे आणि नळीतून एका मिलीलिटरला २० थेंब पडतात, तर मिनिटाला सुमारे २१ थेंब ठेवावे लागतील, हे गणित रसायनशास्त्राच्या पदवीधराला शिकवावे लागत नाही; द्रावणाची टक्केवारी, आम्ल-अल्कलीचा समतोल, जंतूंची वाढ आणि निर्जंतुकीकरणाचे तापमान यांची त्याला ओळख असते. पण अर्धांगाच्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवताना आपली पाठ कशी सांभाळायची आणि चादरीची एकही सुरकुती त्याच्या माकडहाडाखाली कशी राहू द्यायची नाही, लालसर झालेली त्वचा ही झोपून पडलेल्या जखमेची सुरुवात आहे हे बोटाने दाबून कसे ओळखायचे, किंवा औषध घ्यायला नकार देणाऱ्या आजीशी कोणत्या शब्दांत बोलायचे, हे कोणत्याही प्रयोगशाळेत शिकता येत नाही. म्हणून पायाभूत शास्त्रांचे विषय वगळता येतील, वॉर्डातील तास वगळता येणार नाहीत. आणि पदवीधरांसाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम आखायचा तर त्याचा बहुतेक भाग रुग्णाच्या खाटेपाशीच गेला पाहिजे. परदेशातील अनुभवही याच बाजूने आहे.

अलीकडच्या काळात हा प्रश्न कोकणात अधिक जवळ आला आहे. खेड तालुक्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांच्या प्रयोगशाळा हा येथील रसायनशास्त्राच्या पदवीधराचा नेहमीचा आसरा, परंतु तेथील काम पुष्कळदा कंत्राटी असते, आणि जीवशास्त्राच्या पदवीधराला तर तेवढाही पर्याय नसतो. दुसरीकडे चिपळूण तालुक्यातील डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाच्या संस्थेने परिचर्या महाविद्यालय चालवले आहे, रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, आणि २०१८ नंतर उपकेंद्रांना आरोग्यवर्धिनी केंद्रांचे रूप देताना समुदाय आरोग्य अधिकारी हे जे नवे पद निर्माण झाले त्यासाठी परिचर्येचे पदवीधर आणि पदविकाधारकही पात्र ठरले. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यातही परिचारिकांचा समावेश आहे. मागणी आहे, मुलेही तयार आहेत. बारावीनंतर तीन वर्षे विज्ञान आणि चार वर्षे परिचर्या अशी सात वर्षे शिक्षणात घालवणे मात्र शेती-बागायतीवर आणि मुंबईच्या पगारावर चालणाऱ्या घराला झेपत नाही, आणि पदवीच्या अखेरच्या वर्षात हा विचार मनात आलेली मुलगी बहुधा तेथेच थांबते.

१९४७ चा भारतीय परिचर्या परिषद कायदा मागे टाकून संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा केला असून, शिक्षणाचे मानक आणि प्रवेशाचे नियम ठरवण्याचे काम त्याने नव्या आयोगाकडे सोपवले आहे. जीएनएम झालेल्यांसाठी दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवी आखताना पूर्वशिक्षणाला श्रेय देण्याचे तत्त्व भारतीय परिचर्येने एकदा स्वीकारलेलेच आहे. तेच तत्त्व विज्ञानाच्या पदवीधराला लावायचे, तर वॉर्डातील तास पूर्ण ठेवून पायाभूत शास्त्रांची वर्षे वजा करणारा अभ्यासक्रम या आयोगाला आखावा लागेल, आणि त्याची पहिली तुकडी डेरवण किंवा रत्नागिरी येथे भरवण्याइतकी रुग्णालये आणि शिक्षक या जिल्ह्यात आज उपलब्ध आहेत.